माकडांचा काळ

पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट या देशात ताई नावाचं घनदाट जंगल आहे. तिथली डायना माकडं बिबट्या दिसला की एका तऱ्हेने ओरडतात आणि गरुड दिसला की दुसऱ्या. नवल म्हणजे त्याच झाडांवर राहणाऱ्या धनेश पक्ष्यांनाही हा फरक कळतो! बिबट्याची आरोळी ऐकून ते ढिम्म हलत नाहीत. बिबट्या त्यांचं काय वाकडं करणार? पण गरुडाची आरोळी कानी पडली की तेही ओरडून रान उठवतात.

ज्याच्या धसक्याने एवढा गलका होतो, तो आफ्रिकेचा मुकुट गरुड. डोक्यावर पिसांचा तुरा, म्हणून हे नाव. आपल्याकडची तुरेवाली मोरघार ही त्याची दूरची नातलग. आफ्रिकेत याहून मोठा गरुड आहे, पण ताकदीत पहिला मान बहुतेक जाणकार यालाच देतात. वजन जेमतेम अडीच ते साडेचार किलो, म्हणजे घरच्या गुबगुबीत बोक्याएवढं. तरी स्वतःच्या चार-पाच पट वजनाचं हरीण तो लोळवतो. पंख आखूड आणि रुंद, शेपूट लांब. त्यामुळे दाट झाडीतून वाट काढणं सोपं जातं. पानांत तासन्‌तास गुपचूप बसायचं आणि बेसावध माकडावर झडप घालायची, ही त्याची रीत. पायाच्या मागच्या बोटाची नखी सुमारे सहा सेंटिमीटर लांब असते. माकडाला ओरडायलाही सवड मिळत नाही. शिकार जड असली तर तिचे तुकडे करून फांद्यांच्या बेचक्यांत ठेवतो आणि पुढचे काही दिवस पुरवून खातो.

ताईच्या जंगलात या गरुडांच्या घरट्यांखाली पडलेली माकडांची हाडं संशोधकांनी गोळा केली. कवट्यांमध्ये डोळ्यांच्या खोबणीत नखी-चोचीच्या बारीक खुणा होत्या. तो अभ्यास वाचून दक्षिण आफ्रिकेतले ली बर्जर यांनी एक जुनी कवटी पुन्हा हाती घेतली. ती १९२४मध्ये ताउंग इथल्या चुनखडीच्या खाणीत सापडली होती आणि रेमंड डार्ट यांनी ती जगापुढे आणली होती. २५ लाखांहून अधिक वर्षांपूर्वी वावरणाऱ्या मानवसदृश जातीतलं तीन-चार वर्षांचं पोर होतं ते. त्याला गरुडाने मारलं असावं, असं बर्जर आणि रॉन क्लार्क १९९५पासून म्हणत होते. २००६मध्ये त्या पोराच्या डोळ्यांच्या खोबणीतही तशाच खुणा आढळल्या. तो गरुड नेमका कोणत्या जातीचा होता, हे हाडं सांगत नाहीत.

कदाचित घरट्यात त्याचंही पिल्लू वाट बघत असेल. मुकुट गरुडाचा संसार तरी पिल्लाभोवतीच फिरतो. उंच झाडावरचं काटक्यांचं अवाढव्य घरटं तो वर्षानुवर्षं डागडुजी करून वापरतो. मादी बहुधा दोन अंडी घालते आणि सुमारे ५० दिवस उबवते. जगतं मात्र एकच पिल्लू. थोरलं धाकट्याला टोचून मारतं. आई मधे पडत नाही. वाचलेल्या एकुलत्याचे लाड मग विचारू नका! साडेतीन महिन्यांनी ते उडायला लागतं, तरी नंतरही नऊ ते अकरा महिने आई-बाप त्याला भरवतात. केनियात शेतीखात्यात अधिकारी असलेल्या लेस्ली ब्राऊन यांनी या घरट्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली, त्यातून हा हिशेब लागला. म्हणजे जोडप्याला साधारण दोन वर्षांत एक पिल्लू.

इतक्या सावकाश वाढणाऱ्या जातीला जंगलतोड जड जाते. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरात मात्र या गरुडांनी चक्क वस्तीशेजारी बिऱ्हाडं थाटली आहेत. बंगल्यांमागच्या घळींत, निलगिरीच्या झाडांवर त्यांची घरटी असतात. तिथे त्यांचं पोट मुख्यतः हडेडा शराटीची पिल्लं आणि सशाएवढा हायरॅक्स यांवर भरतं. क्वचित एखादं पाळीव मांजर किंवा छोटं कुत्रंही उचललं जातं आणि मालक संतापतो. त्याला काय समजवायचं? वर झाडावर दोन वर्षांतलं एकुलतं एक पिल्लू खाण्यासाठी हाका मारत असतं.