ब्रेकचे पॅड आणि आपली काटकसर

आजची नोंद पिकाची नाही, गाडीची आहे. पण माल तीच वाहते, म्हणजे शेतीचीच म्हणा.

गेल्या जुलैत टोमॅटोचे ६० क्रेट पिकअपला भरून कल्याणला निघालो. बाराशे किलोच्या आसपास वजन. गाडीवर पुतण्या, शेजारी मी. माळशेज अर्धा उतरलो आणि पोरगं म्हणतंय, "काका, पाय दाबतोय पण गाडी थांबंना." पेडल दगडासारखं कडक, खालून जळका वास. गिअर दुसऱ्यात टाकायला लावला, हँडब्रेक थोडा थोडा ओढला, रुंद जागा बघून कशीबशी उभी केली. तासभर दोघंही फार बोललो नाही.

पॅड दीडच महिन्यापूर्वी बदलले होते. डबीवर ना कंपनीचं नाव, ना बॅच नंबर. आठशे रुपये वाचले म्हणून मीच घेतले, दुकानदाराने बळजबरी केली नव्हती. औषधाची बाटली घेताना आपण बॅच, तारीख, पक्कं बिल सगळं बघतो. ब्रेकच्या डबीला मात्र कुणी उलटी करून बघत नाही.

उतारावर ब्रेक मारला की गाडीच्या वेगाची उष्णता होते आणि ती पॅड-डिस्कमध्ये साठते. हलक्या पॅडमधला चिकट पदार्थ तापला की जळतो, वायू सुटतो आणि पकड जाते. तेव्हा पेडल कडक राहतं पण गाडी पळते. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर दुखणं वेगळं, ब्रेक ऑइल उकळलंय. ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट ३ चं ऑइल ताजं असताना किमान २०५ अंशाला उकळायला पाहिजे, ओलावा शिरल्यावर ती मर्यादा १४० वर येते. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलाच, नुसतं वरून टाकत बसू नका.

आता माझं मत. महागातलंच घ्या असं मी म्हणत नाही. गाडीच्या कंपनीला जे पॅड पुरवतात तेच लोक स्वतःच्या नावाने बाजारात विकतात, थोडे स्वस्त पडतात, ते घ्या. काही पॅडच्या कडेला दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. पहिलं थंड असतानाच्या पकडीचं, दुसरं तापल्यावरचं. ई पेक्षा एफ जास्त पकडीचं. माल वाहणाऱ्याने दुसरं अक्षर बघायचं. आणि "कडक पॅड आहे, लय दिवस जातो" असं कुणी सांगितलं तर विचारा, डिस्क किती दिवस जाते? बऱ्याचदा कडक पॅड डिस्क खातो, आणि डिस्क पॅडपेक्षा महाग.

डिस्कच्या बाबतीत गॅरेजवाले दोन टोकाचे. एक म्हणतो पॅडबरोबर डिस्क बदलायलाच लागते, दुसरा म्हणतो लेथवर घासून देतो, नवीसारखी होईल. दोघांचंही आंधळेपणाने ऐकू नका. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. गंजाने झाकला असेल तर तारेच्या ब्रशने घासा. जाडी मायक्रोमीटरने मोजा, कारण व्हर्नियर कडेच्या उंचवट्यावर बसतो आणि जाडी जास्त दाखवतो. घासल्यावर त्या आकड्याच्या खाली जाणार असेल तर नवीनच टाका, आणि दोन्ही बाजूंना. माझी डिस्क निळी पडली होती, बारीक भेगा होत्या. तिला लेथचा उपयोगच नव्हता.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. मागच्या ड्रमचे लायनर संपले होते. सगळा भार पुढच्या पॅडवर. भरलेल्या गाडीला मागचा ब्रेक किती लागतो हे रिकामी गाडी चालवून कळत नाही. आपल्या गाड्या चिखलात फिरतात, कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात, एकच पॅड झिजतो. पॅड बदलताना पिना साफ करून त्यांचं खास ग्रीस लावून घ्या. बेअरिंगचं ग्रीस चालत नाही, रबर फुगतं.

नवीन पॅड बसवल्यावर लगेच भरून घाटात जायचं नाही. मोकळ्या रस्त्यावर रिकामी गाडी साठवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा हळू आणा, मधे गार होऊ द्या.

परवा चौथा तोडा आहे. क्रेट लावायच्या आधी उद्या सकाळी चाकं खोलणार आहे. पॅड ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला दिसला तर माल एक दिवस उशिरा जाईल.