सैनिकाचे नाव लिहून ठेवा

नोव्हेंबर उजाडला की इथे ब्रिटनमध्ये ज्याच्या त्याच्या कोटावर लाल पॉपी दिसते. आपणही लावतो, आणि लावावीच. पण आपल्याच घरातून जे सैन्यात गेले, त्यांच्या वाट्याला काय येते? २६ जानेवारीला शाल, श्रीफळ आणि एक भाषण. त्यांचे नाव, पलटण आणि त्यांनी काय केले हे घरातल्या कोणीतरी लिहून ठेवणे, हे मला पहिले ऋण वाटते.

मी वेल्ह्याचा. तालुक्याला आता राजगड म्हणतात. तोरणा-राजगडावरच्या मावळ्यांची नावे आमच्याकडे शाळकरी पोरेही घडाघडा सांगतात. पहिल्या महायुद्धात गेलेल्या पणजोबांचे नाव विचारा, घरातले एकमेकांकडे पाहतात. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा इथे जी फौज वेढ्यात उपाशी अडकली, तिचे नावच सहावी पुणे डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी तिच्यात होत्या. शरणागतीनंतर कैदेत कितीतरी मेले. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक नुसती संख्या. या भेदभावाबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये माफी मागितली. आयोगाच्या नोंदी आता घरबसल्या शोधता येतात. कित्येक नावांपुढे बापाचे नाव आणि गावही आहे. शोधताना ‘पुणे’बरोबर ‘भोर’ही टाकून पाहा, कारण राजगड आणि प्रचंडगड (म्हणजे तोरणा) हे तेव्हा भोर संस्थानाचे तालुके होते.

‘ते इंग्रजांसाठी लढले, त्यांचे कौतुक कशाला?’ असे आपल्याच मंडळींकडून ऐकू येते. मला हे पटत नाही. डोंगरउतारावरची भातखाचरे आणि वरीनाचणी यांवर वर्ष निघत नव्हते, म्हणून मुले भरती झाली. युद्ध कोणी पुकारायचे हे त्यांना कोणी विचारले नव्हते.

पानशेतही आमच्याच तालुक्यातले. जुलै १९६१ मध्ये धरण खचू लागले तेव्हा जवानांनी भर पावसात, रात्रभर वाळूची पोती रचली. म्हणून ते मध्यरात्री न फुटता १२ तारखेला सकाळी फुटले, आणि पुण्यातल्या हजारो लोकांना पळायला उजेड मिळाला. पुराच्या आठवणी पुण्यात घरोघर आहेत. त्या जवानांपैकी एकाचे तरी नाव तुम्हाला सांगता येईल?

आज हयात असलेल्यांचे काम तर त्याहून सोपे आहे. आमचे एक काका १९७१ च्या लढाईतले. हयातीच्या दाखल्यासाठी ते यंत्रावर अंगठा ठेवतात आणि यंत्र तो घेत नाही, कारण चिखलणी आणि भातलावणीने रेषा झिजल्या आहेत. पुसून पुन्हा ठेवतात, मग दुसरे बोट. निवृत्तिवेतनाच्या ‘स्पर्श’ पोर्टलचा पासवर्ड कुठल्याशा पुतण्याकडे असतो. सगळ्यात जास्त हाल सैनिकांच्या विधवांचे. पलटणीच्या कागदात पत्नीचे नाव एक, आधारवर दुसरे, आणि तेवढ्यावर कुटुंब निवृत्तिवेतन अडकते. नवरा हयात असतानाच हे नाव दुरुस्त करून घेता येते, पण त्यासाठी कोणीतरी वेळेवर कागद उघडून बघावे लागतात. माजी सैनिकाला ग्रामपंचायतीची घरपट्टी माफ आहे, तरी कितीजण अर्ज न केल्यामुळे ती भरत राहतात. पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मार्गदर्शन मिळते. तिथवर सोबत जाणारे माणूस मात्र हवे.

घरातल्या माजी सैनिकाच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने लिहिलेला नंबर, हुद्दा आणि नाव, आत डिस्चार्ज बुक आणि पदके. सुट्टीत गावी गेलात तर ती ट्रंक उघडायला सांगा, डिस्चार्ज बुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि सांगतील ते त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा. आपल्या अंकात दर वेळी दोन पाने याच नोंदींसाठी ठेवावीत, अशी संपादकांना माझी विनंती आहे. तुमच्या घरातल्या सैनिकाचे नाव, गाव, पलटण आणि वर्षे पुढच्या अंकाआधी पाठवा.