फवारणी पंपाची बॅटरी जपा



नांदेड-लातूरकडे सोयाबीनची फवारणी उरकली की पाठीवरचा बॅटरी पंप कोपऱ्यात पडतो. पुढे तूर फुलात येते, घाटेअळी दिसते आणि नेमका तेव्हाच पंप चालत नाही. १२ व्होल्टची शिशाची बॅटरी उतरलेली पडून राहिली, की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो. मग ती चार्ज धरत नाही.

म्हणून फवारणीहून येताच पंप धुऊन कोरडा करा आणि त्याच दिवशी बॅटरी चार्ज करा. चार्जर पंपाबरोबर आलेलाच वापरा. धार मंदावली की थांबा. बॅटरी पार उतरवू नका. हंगाम नसला तरी महिन्यातून एकदा चार्ज कराच. जागा हवेशीर, मुलांच्या हाताबाहेरची असावी.

काम नाही म्हणून आपण बैलाची वैरण बंद करतो का? बॅटरीचेही तसेच आहे.