फाडफाड इंग्रजी आणि कोरा कागद

पुंडलिकनगरात एका भाड्याच्या खोलीत मी संध्याकाळी इंग्रजी शिकवतो. मुले बहुतेक चिकलठाणा एमआयडीसीतल्या कामगारांची. किराडपुरा, कटकट गेटकडून येणारी आपली मुले-मुलीही असतात. पहिल्या दिवशी सगळ्यांचा प्रश्न एकच: "सर, फाडफाड बोलता कधी येईल?" लिहिता कधी येईल, असे आजवर एकाच मुलीने विचारले. तिच्या घराचा वाद खंडपीठात गेलेला. अब्बांनी सही केलेले इंग्रजी शपथपत्र घेऊन ती आली होती. त्यातल्या एका परिच्छेदात लिहिले होते की अर्जदार त्या घरात भावाच्या 'परमिशन'ने राहतो. म्हणजे मालकीचा दावा करणाऱ्या माणसानेच कबूल करून टाकले की आपण परवानगीने राहणारे आहोत! अब्बांना इंग्रजी येत नव्हते. कागद तयार करणाऱ्याने तो वाचून दाखवला नव्हता. मोठा भाऊ इंग्रजी माध्यमात शिकलेला, मोबाईलवर इंग्रजीत झकास बोलणारा. त्याने तो कागद चाळला होता, पण त्या वाक्याचा अर्थ त्याच्या लक्षात आला नाही. मग दुरुस्तीसाठी पुन्हा खर्च, पुन्हा तारखा.

आपल्या शहरात खंडपीठ 1981 पासून आहे. उच्च न्यायालयाची भाषा राज्यघटनेच्या 348व्या कलमानुसार इंग्रजी. कायद्यात 'शॅल' म्हटले की करावेच लागते, 'मे' म्हटले की मर्जीचा प्रश्न येतो. आणि कधीकधी या दोन शब्दांवरही वर्षानुवर्षे वाद चालतात. हे बोलण्याच्या क्लासमध्ये कोण शिकवणार? "व्याकरण विसरा, बोलायला लागा" अशा पाट्या लावणाऱ्यांना माझा सरळ सवाल आहे: ज्याला आयुष्यभर दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर सही करायची आहे, त्याला तुम्ही नेमके काय शिकवले?

शाळेचा दोष कमी नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. त्या पहिल्या तुकडीतली मुले आज तिशी ओलांडून गेली. त्यांनी वर्षानुवर्षे 'डू ॲज डायरेक्टेड' सोडवले: 'टू' काढा, 'नो सूनर' घाला, प्रयोग बदला. गुण मिळाले. पण स्वतःच्या मनातली एक गोष्ट चार परिच्छेदांत मांडायला सांगितली की हात थांबतो. वाक्य फिरवण्याची कवायत म्हणजे व्याकरण नव्हे.

आणि व्याकरण आपल्याला परके तरी कुठे आहे? आपल्या मदरशांत सर्फ आणि नह्व शिकवल्याशिवाय अरबीला हात लावू देत नाहीत. तीच मंडळी इंग्रजीच्या बाबतीत 'तीस दिवसांत' वर विश्वास कशी ठेवतात? मराठीला 'द' नाही, म्हणून आपली मुले तो गाळतात किंवा वाटेल तिथे पेरतात. मी त्यांना सांगतो, 'किताबुन' म्हणजे कुठलेतरी एक पुस्तक, 'अल-किताबु' म्हणजे ते ठरलेले पुस्तक. वर्गात एकदम प्रकाश पडतो! पुढे दोन्ही भाषांच्या वाटा वेगळ्या होतात, पण दार उघडलेले असते. तसेच 'डिस्कस अबाउट' ही चूक कुठून येते? आपल्या 'विषयी चर्चा करणे'मधून. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' का म्हणतो? ते मराठीतूनच उलगडून सांगावे लागते. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर पिढ्या घडल्या, त्या मराठीचा हात धरूनच. आज मात्र मराठी शाळेतून मुलाला काढणे हीच प्रगती समजली जाते. घरात दखनी, बाहेर मराठी, शाळेत न समजणारी इंग्रजी. शेवटी एकाही भाषेत पानभर लिहिता येत नाही असा पदवीधर तयार होतो. (त्याच्या लग्नपत्रिकेवर मात्र पदवी ठळक अक्षरांत.)

2024 मध्ये वक्फ दुरुस्ती विधेयकावर संयुक्त संसदीय समितीने लोकांची मते मागवली. आपल्याकडे क्यूआर कोड फिरले. स्कॅन करा, तयार मजकूर पाठवा. भावना खरी होती, मी तिची टिंगल करत नाही. पण ज्या शहरात पाणचक्कीला राज्य वक्फ मंडळाचे कार्यालय आहे, तिथल्या किती पदवीधरांनी आपल्या मोहल्ल्यातल्या मशिदीची, कब्रस्तानाची हकीकत स्वतःच्या शब्दांत लिहून पाठवली? एकाच मजकुराच्या लाखो प्रती म्हणजे संख्या; पुरावा वेगळा असतो, आणि तो कुणीतरी बसून लिहावा लागतो.

क्लासला पैसे नसतील तर मोहल्ल्यातल्या वाचनालयात आठवड्याची एक संध्याकाळ द्या. भाषण नको, पाहुणे नकोत, हारतुरे तर नकोतच. प्रत्येकाने एक पान लिहायचे, जाणत्याने लाल शाईने तपासायचे, आणि तेच पान पुन्हा लिहायचे. हे 'पुन्हा लिहिणे' कुणालाच आवडत नाही, हे मला पक्के ठाऊक आहे.

त्या मुलीने गेल्या महिन्यात वडिलांसाठी पहिला अर्ज स्वतः लिहिला. तीन ठिकाणी 'द' राहिला होता, एका वाक्यात काळ घसरला होता. मी खुणा केल्या. ती चिडली, दप्तर उचलून निघाली, दाराशी थांबली, आणि परत येऊन दुसरा कागद मागितला.