तेव्हा गहू, आता कापूस

१९६६ साली भारताने बाहेरून सुमारे १ कोटी टन धान्य आणलं, आणि त्यातलं बरंचसं अमेरिकेचं होतं. पावसाने लागोपाठ दोन वर्षं दगा दिलेला. 'पीएल-४८०' हे त्या धान्यामागच्या परक्या कायद्याचं नाव तेव्हा आपल्याकडे रेशनच्या रांगेतसुद्धा ठाऊक होतं. तिथे मिळणारा तांबडा मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, त्या पिढीला अजून आठवतो. पोट भरायचं, पण आपल्या ज्वारीच्या भाकरीची सर त्याला नव्हती.

हे धान्य डॉलर न मोजता रुपयांत मिळे, म्हणून स्वस्त वाटे. किंमत दुसरीकडे वसूल होत होती. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी लांब मुदतीचा करार टाळून हात आखडता घेतला आणि जहाजं थोडी थोडी सोडायला सुरुवात केली. शेतीचं धोरण बदला, असा आग्रह होताच. शिवाय व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीबद्दल दिल्ली बोलली, की वॉशिंग्टनच्या कपाळाला आठी पडे. त्याच वर्षी ६ जूनला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि ४.७६ रुपयांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला. त्यामागे जागतिक बँकेचा आणि अमेरिकेचा रेटा होता, हे तेव्हाही कुणापासून लपलं नव्हतं.

तरीही अमेरिकेला नुसतं सावकार ठरवून मोकळं होता येत नाही. ज्या बुटक्या गव्हाने आपली सुटका केली, त्यावरचं नॉर्मन बोरलॉग यांचं मेक्सिकोतलं काम रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशावर उभं होतं. अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी टीका अंगावर घेऊन १९६६ मध्ये त्याचं १८ हजार टन बियाणं मागवलं. कृषिशास्त्रज्ञ स्वामीनाथन आणि त्यांचे सहकारी शेतात उतरले. १९६८ मध्ये गव्हाचं पीक सुमारे १ कोटी ६५ लाख टनांवर गेलं.

गव्हापोटी साठलेल्या रुपयांतले १,६६४ कोटी १९७४ मध्ये अमेरिकेचे राजदूत मॉयनिहन यांनी एकाच धनादेशाने भारताला परत केले. आमच्या लिहिण्याच्या धंद्यातल्या माणसाला त्या खात्यातलं एक वेगळंच कलम मोहात पाडतं: त्याच रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पाठवली गेली, त्यांत मराठीही होती. आपण गहू खाल्ला, त्यांनी कादंबऱ्या नेल्या. या एका सौद्यात आपण ठकलो असं म्हणवत नाही.

आता गाडा उलटा फिरलाय. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने आपल्या बऱ्याचशा मालावर ५० टक्के शुल्क लावलं. त्यातले २५ टक्के रशियाचं तेल घेतल्याचा दंड. अंधेरीच्या सीप्झमधले दागिन्यांचे कारखाने आणि तिरुपूरचे कपडेवाले त्यात पोळले. आणि बोलणी अडली ती शेतीवर. ज्यांच्या जहाजांची आपण वाट पाहत होतो, तेच २०२५ मध्ये त्यांचा मका, सोयाबीन आणि दूधदुभतं घ्या म्हणून आपल्यामागे लागले. ७ ऑगस्टला, स्वामीनाथन यांच्या जन्मशताब्दीच्या परिषदेत, पंतप्रधानांनी शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड नाही असं बजावलं. ते ठणकावून सांगण्याचं बळ ज्या कोठारांतून आलं, ती भरणाऱ्याच्याच सोहळ्यात हे घडलं, हे उचित झालं.

त्या भाषणानंतरचे बारा दिवस मात्र त्याच नजरेने पाहायला हवेत. १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ झालं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. शुल्काच्या माऱ्यात गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा, हे कारण खोटं नाही. पण या सवलतीत अमेरिकेचा कापूसही येत होता, आणि यवतमाळ-अकोल्याची पहिली वेचणी नेमकी याच दिवसांत बाजारात उतरते. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याला ७,७१० रुपये क्विंटल हमीभाव जाहीर झाला होता. हमीभावाने घेणारं खरेदी केंद्र आपल्या तालुक्यात दिवाळीआधी उघडतं का, याचं उत्तर वॉशिंग्टनला विचारण्याचं काहीच कारण नाही.