बनवाबनवी कोणाची?

१९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’तील प्रसंगांची छायाचित्रे आज घरोघरी मोबाईलवरून फिरतात आणि आपण पोट धरून हसतो. हसण्याला आमचा विरोध नाही. परंतु त्या विनोदाचे मूळ कोठे आहे? घरमालकीण अविवाहितांना जागा देईना, म्हणून लक्ष्मीकांत बेर्डे व सचिन यांच्या पात्रांना साड्या नेसाव्या लागल्या! चाकण-भोसरीच्या कारखान्यांत परगावाहून आलेला एकटा तरुण आजही खोलीसाठी दारोदार हिंडतो आणि ‘फक्त कुटुंबासाठी’ ही पाटी वाचून माघारी फिरतो. ती पाटी लावणारे आपल्यातच आहेत, हसणारेही आपणच. त्याची अडचण ही आपली करमणूक व्हावी काय? पुढचे चित्र धाडण्यापूर्वी आपण आपल्या दारावरची पाटी उतरवावी.