काकूंची वही

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवैतमध्ये शिरल्या तेव्हा इथं पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. अनेकांचे पासपोर्ट मालकांकडे, बँका बंद, आणि हातातल्या दिनाराला मोल उरलेलं नाही. पुढं काय करायचं हे सांगायला कुणाची नेमणूक झालेली नव्हती. अशा वेळी मॅथुन्नी मॅथ्यूज, हरभजनसिंग वेदी अशी काही मंडळी पुढं झाली. मॅथ्यूज पूर्वी टोयोटाच्या एजन्सीत होते, लोक त्यांना ‘टोयोटा सनी’ म्हणत. हुकूम सोडावा असा सरकारी हुद्दा त्यांच्याकडे नव्हता. वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून जोडलेली माणसं होती. त्या ओळखींवर बस मिळाल्या. बसरा-बगदादमार्गे लोक जॉर्डनला पोचले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या ४८८ फेऱ्यांनी लाखावर माणसं मायदेशी आणली. त्या वर्षीची दिवाळी १८ ऑक्टोबरला होती. कित्येकांनी ती घरी साजरी केली.

हे आज आठवायचं कारण आपल्या इथल्या मराठी मंडळाशी निगडित आहे. दोन वर्षांपूर्वी कार्यक्रमांची नोंदणी आपण ऑनलाइन केली. मीही त्या निर्णयाच्या बाजूनं होतो. हिशेब चोख झाला, वेळ वाचला. पण फहाहील-मंगफकडची जुनी कुटुंबं हळूहळू यायची थांबली. का, ते कळलं एका काकूंची वही पाहिल्यावर. पूर्वी त्या घरोघरी फोन करून नावं घ्यायच्या. वहीत प्रत्येक नावापुढं पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं: ‘सासूबाई आजारी’, ‘नोकरी गेली, वर्गणी मागू नये’, ‘बाळ झालं, डिंकाचे लाडू पाठवणे’. आम्ही त्या फोनला नोंदणी समजत होतो. खरं तर मंडळ त्या फोनवर उभं होतं.

कुवैती माणूस संध्याकाळी दिवाणियात बसतो, कॉफी पितो, कुणाचं काय चाललंय विचारतो. आधी विचारपूस, मग काम. आपल्या कार्यकारिणीच्या बैठकीत मात्र विषयपत्रिका वाचूनच सुरुवात होते. इथं माणसं व्हिसावर येतात, बदलीवर जातात. घटना आणि नियमावली कपाटात राहते, ओळखी मात्र जाणाऱ्याच्या सामानाबरोबर निघून जातात. म्हणून नव्या अध्यक्षानं जुन्याकडून चाव्या आणि पासबुकाबरोबर माणसंही मागून घ्यावीत, असं मला कळकळीनं वाटतं.

ऑनलाइन नोंदणी चालू राहील. काकूंनी वही दोन तरुण सभासदांच्या हाती दिली आहे आणि फोन पुन्हा सुरू झाले आहेत. हा अंक वाचून झाला की तुम्हीही एक फोन करा. तुमच्या इमारतीत यंदाच आलेलं मराठी घर असेल, तर फराळाचं ताट घेऊन जा आणि त्यांचं नाव आम्हाला कळवा.